जागा नाही म्हणणारा भाऊ

वाचनालयातल्या बाई दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मास्तर एका कोटाची बाही उसवत बसले होते. गिऱ्हाईक असेल असं समजून त्यांनी मान वर न करताच सांगून टाकलं, "नवीन कापड घेत नाही सध्या. उसवायचं, शिवायचं काही असेल तर ठेवून जा."

"कपड्याचं काम नाही मास्तर. मी मोठ्या वाचनालयातून आलेय. तुमच्या भावाचं प्रदर्शन भरवतोय आम्ही."

मास्तरांनी सुई कोटाच्या कॉलरला टोचून ठेवली आणि चष्मा कपाळावर चढवला. बाई वयाने त्यांच्या मुलीएवढ्या असतील. खांद्याला कापडी पिशवी, बोलणं मऊ. मास्तरांनी गिऱ्हाइकांचं स्टूल पुढे सरकवलं.

भाऊ जाऊन वर्ष होत आलं होतं. साऱ्या जगाला तो मोठा कवी, मास्तरांना तो बारक्या. त्याची पुस्तकं शाळेत लागत, त्याला हार पडत, त्याच्या फोटोखाली त्याच्याच ओळी छापून येत, पण दुकानात आला की तो आपला कापणीच्या टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसायचा आणि म्हणायचा, "दादा, चहा सांग ना." गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी पान पान भरून लिहिलं. मास्तरांनी ती सगळी वर्तमानपत्रं गोळा केली आणि एकही न वाचता माळ्यावर ठेवून दिली.

बाई सांगत होत्या. तळमजल्यावरचं मोठं दालन प्रदर्शनाला मिळालं होतं. लहानपणापासूनचे फोटो, कवितांचे कच्चे खर्डे, चष्मा, लिहायची खुर्ची. कवीच्या पत्नीने हातचं काही राखून न ठेवता सगळं दिलं होतं.

"तुमच्याकडून फक्त एकच वस्तू हवी होती," बाई म्हणाल्या आणि जरा थांबल्या. "ती टेप."

"कुठली टेप?" मास्तर म्हणाले. पण कुठली ते त्यांना चांगलंच कळलं होतं.

'जागा' नावाची ती कविता ज्याने वाचली नाही असा माणूस त्या शहरात शोधून सापडला नसता. पोरं ती शाळेत पाठ करत, म्हातारेकोतारे समारंभात म्हणत. कवितेत एक आजारी आई असते. धाकटा मुलगा लांब परगावी. ती थोरल्याच्या दारात येते, तर हा थोरला, धंद्याने शिंपी, गळ्यातली टेप काढतो, खोलीची लांबी-रुंदी मोजतो आणि म्हणतो,

"आई, मी मोजून पाहिलं.
जागा नाही."

आतून कुणीतरी भांडं आपटतं. आई तशीच माघारी फिरते. पुढे तिला शेवटी जेवढी लागली तेवढी जागा कशी तिची तिलाच शोधावी लागली, ते येतं. तिथे आलं की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांना पाणी येतं.

ही कविता छापून आल्यापासून मास्तरांचं नाव मागे पडलं आणि ते 'जागा नाही म्हणणारा भाऊ' झाले. तोंडावर कुणी वाईट बोलत नसे. थट्टा करत, एवढंच. "मास्तर, कमरेत जरा जागा ठेवा हं पँटला. तुमच्याकडे जागेची अडचण, ठाऊक आहे आम्हाला!" मास्तरही हसत. गिऱ्हाइकावर डोळे वटारून शिंप्याचं पोट भरत नाही. पण मुलगी शाळेत असताना गुरुजींनी तिला उभं करून तीच कविता मोठ्याने वाचायला लावली, म्हणाले, "हिच्या घरातलीच गोष्ट आहे." पोर घरी आली आणि दप्तर न काढताच विचारती झाली, "बाबा, आजीला कुठे नाही म्हटलं होतं तुम्ही?" त्या दिवशी मात्र मास्तरांच्या घशाखाली घास उतरला नाही.

खरी गोष्ट अशी की आई त्यांच्याकडेच होती. आजार कळल्यापासून दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ती याच दुकानामागच्या खोलीत होती. टेप काढली होती, हेही खरं. दवाखान्यातून उंच खाट भाड्याने आणायची होती, आणि कापणीचं टेबल मध्ये येत होतं. मास्तरांनी टेप लावून खोली मोजली, मग खाली बसून करवतीने टेबलाचा एक भाग कापून टाकला. त्या अर्ध्या टेबलावर त्यांनी पुढे जन्मभर कापड कापलं. बारक्या आईला भेटायला आला तेव्हा हे सगळं त्यांनीच त्याला हसत हसत सांगितलं होतं. "हे बघ, गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं खोलीचं माप घेतलं." बारक्या दुपारभर आईच्या उशाशी बसला, तिचा हात हातात धरून बसला, आणि संध्याकाळच्या बसने निघून गेला. टेप तेवढी त्याच्या ध्यानात राहिली.

आणि ते भांडं! मास्तरांच्या बायकोला सगळी कविता एकवेळ चालली असती, ती एक ओळ तिच्या जिव्हारी लागली. "भांडं आपटलं म्हणे मी! सासूबाईंच्या अंथरुणाखालचं भांडं दिवसातून दहादा मी धुतलं, ते नाही दिसलं तुमच्या बारक्याला?" तिने ते पुस्तक घरात येऊ दिलं नाही. दीर आला की पाणी द्यायची, चहा द्यायची, पण समोर बसायची नाही. ती भावाच्या आधीच गेली. जाताना तिच्या मनात काय होतं कोण जाणे, पण तो विषय तिने शेवटपर्यंत काढला नाही, आणि मास्तरांना तेच जास्त लागून राहिलं.

भावाला त्यांनी विचारलं नव्हतं असं नाही. पुस्तक निघालं त्या वर्षी विचारलं होतं.

"ते तू नाहीस रे दादा," बारक्या टेबलावर पाय हलवत म्हणाला होता.

"मग कोण आहे?"

"कुणीतरी भाऊ. असतो एकेक."

"तुला माझ्याशिवाय आणखी किती भाऊ आहेत?"

त्यावर बारक्या खो खो हसला, आणि त्याचं हसणं असं होतं की समोरच्याला हसल्यावाचून राहवत नसे. मास्तरही हसले. बोलणं तिथेच विरलं, ते पुन्हा कधी निघालं नाही. असा हसण्यावारी गेलेला विषय परत काढायला फार मोठं तोंड लागतं, ते मास्तरांकडे नव्हतं.

"ती टेप कधीच झिजून गेली," मास्तर आता बाईंना म्हणाले. "टेप वापरून ताणली जाते. तिच्यावर विश्वासून कापलं तर गिऱ्हाईक कपडा तोंडावर फेकतं."

"मग त्या काळातली दुसरी एखादी असेल?"

नाही म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण मास्तरांच्या मनात आलं, एका 'नाही'पायी आधीच जन्म गेला, आता ही पोरगीही बाहेर जाऊन सांगेल, मास्तर नाही म्हणाले. त्यांनी खणात हात घातला. तळाशी एक टेप निघाली, पिवळी पडलेली, टोकाची पितळी पट्टी सैल झालेली. बाईंनी ती दोन्ही हातांत अशी धरली की जणू काय ठेवा मिळाला, आणि पातळ कागदात गुंडाळून पिशवीत ठेवली.

मुलीने संध्याकाळी ऐकलं तेव्हा ती कडाडली. ती औषधाच्या दुकानात कामाला होती, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून आलेली. "दिलीत? स्वतःच्या हाताने दिलीत? बाबा, उद्या त्यांनी तुमचा फोटो मागितला तर तोही द्याल, खाली 'हाच तो' लिहायला!"

"वस्तूच आहे गं. वस्तूने काय होतंय?"

"आई असती तर बघितलं असतं काय होतंय ते."

मास्तरांनी कोट पुन्हा मांडीवर ओढला.

उद्घाटनाला दोघं गेली. मुलगी येणार नव्हती, पण बापाला एकट्याला त्या गर्दीत पाठवणं तिच्या जिवावर आलं. भाषणं झाली. पुढच्या रांगेत कवीची बायको बसली होती, मास्तरांची भावजय, फिकट रंगाच्या साडीत, ताठ. भाषणात प्रत्येकाने 'जागा'चा उल्लेख केला, आणि प्रत्येक वेळी मास्तरांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. कुणा पाहुण्याने ती कविता पूर्ण म्हटली. टाळ्या पडल्या. मास्तरांचेही हात सवयीने वर आले, तेव्हा मुलीने ते धरून खाली केले.

मग दालन उघडलं. भिंतींवर फोटो होते. एका फोटोत दोघं भाऊ होते, नदीकाठी, बारक्या मास्तरांच्या खांद्यावर बसलेला. खाली लिहिलं होतं, 'बालपण'. मास्तर तिथे बराच वेळ उभे राहिले. त्या दिवशी बारक्याच्या पायात काटा गेला होता आणि घरापर्यंत त्याला तसाच खांद्यावर नेला होता, हे त्यांना आठवलं, पण कुणाला सांगावं असं काही नव्हतं त्यात.

मधोमध काचेच्या लांब कपाटात 'जागा'चे खर्डे मांडले होते. पहिल्यापासून छापायला दिलेल्या प्रतीपर्यंत, ओळीने. मास्तर त्या कपाटापाशी वाकले ते वाकलेच. बारक्याचं अक्षर त्यांना त्याच्या पाटीपासूनचं माहीत होतं. त्यांना वाटलं, इथे कुठेतरी तो अडखळला असेल. एवढी खाडाखोड केलीय, एखाद्या कागदावर तरी त्याने भाऊ खोडला असेल, दुसरं काही लिहिलं असेल, पुन्हा भाऊ केलं असेल. कुठेतरी त्याचा हात थबकला असेल. बस, तेवढं दिसलं असतं तरी पुरे होतं.

त्यांनी एकेक कागद नीट पाहिला. खिडकीतली चिमणी होती, ती दुसऱ्या खर्ड्यात गेली. 'थंडी' खोडून 'गारवा' केलं होतं, पुन्हा 'थंडी'. आईच्या हातातलं गाठोडं आधी लाल होतं, मग नुसतंच गाठोडं झालं. एका कागदावर 'आदळलं' लिहून खोडलं होतं आणि वर 'आपटलं' लिहिलं होतं, त्या शब्दाखाली आनंदाने मारावी तशी जाड रेघ होती. भाऊ मात्र पहिल्या कागदापासून जिथे होता तिथेच होता. गळ्यात टेप, तोंडी तेच वाक्य. त्याच्यावर कुठे एक ओरखडासुद्धा नव्हता.

"काय बघताय बाबा?" मुलीने विचारलं.

"काही नाही. अक्षर चांगलं होतं त्याचं."

पलीकडे एका वेगळ्या चौकोनी पेटीत, वरून दिवा सोडलेला, ती टेप वेटोळं करून ठेवली होती. समोरच्या पट्टीवर लिहिलं होतं: 'जागा या कवितेतील टेप. कवीच्या थोरल्या बंधूंच्या संग्रहातून.' दोन बायका वाकून बघत होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं आणि मास्तरांकडे डोळ्यांनी खूण केली. दुसरीने वळून पाहिलं, मग पटकन नजर काढून घेतली, जशी लोक पायात व्यंग असलेल्या माणसावरून काढून घेतात.

मास्तर सरळ वाचनालयाच्या बाईंकडे गेले. मुलगी मागोमाग.

"बाई, मला थोडं बोलायचंय."

बाईंनी त्यांना आपल्या खोलीत नेलं. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून दोन खुर्च्या मोकळ्या केल्या. मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा ती गोष्ट परक्या माणसाला सांगितली, खाटेपासून टेबलापर्यंत, आणि बायकोने काय काय केलं ते. सांगताना सारखं "तसं विशेष काही नाही" म्हणत होते. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मास्तर," शेवटी त्या म्हणाल्या, "कवितेतला भाऊ म्हणजे तुम्ही, असं आम्ही कुणीच मानत नाही. कवितेतली माणसं वेगळी असतात."

"मग टेप माझी का ठेवलीत?"

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि परत ठेवली.

तेवढ्यात भावजय आत आली. तिला बाहेर कुणीतरी सांगितलं असावं. "भाऊजी, आज हे काढायचा दिवस आहे का?"

"काढायचा दिवस कधीच नव्हता," मास्तर म्हणाले. "तू तर होतीस, तुला ठाऊक आहे आई कुठे होती ते."

"मला सगळं ठाऊक आहे. त्यांनाही ठाऊक होतं." ती उभीच होती. "ते गेल्यावर त्यांना खोटं ठरवायचं? ते आता उत्तर द्यायला आहेत का? ते होते तेव्हा का नाही बोललात?"

"बोललो होतो. दोघं हसलो. आता माझ्याबरोबर हसायला तो नाही."

भावजयीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कुणासाठी होतं हे मास्तरांना कळलं नाही. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "काय करायचं ते करा. माझी हरकत नाही असं समजा." आणि गेली.

बाईंनी तोडगा काढला. टेपेच्या पेटीशेजारी एक छोटी चिठ्ठी लावायची. मजकूर त्यांनी तिथेच लिहून वाचून दाखवला: 'कवीच्या थोरल्या बंधूंच्या सांगण्यानुसार, आई आजारपणात त्यांच्याच घरी होती आणि तिची शुश्रूषा त्यांच्या पत्नीने केली.'

"सांगण्यानुसार कशाला?" मुलगी म्हणाली. "झालंय ते झालंय."

"माझ्याकडे तेवढाच आधार आहे. तसं लिहावं लागतं," बाई ओशाळून म्हणाल्या.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तिचा उल्लेख आला ना, पुष्कळ झालं."

त्या संध्याकाळी मास्तर बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले. मुलीला म्हणालेसुद्धा, "तुझ्या आईला वाचायला आवडलं असतं ते." मुलगी म्हणाली, "आई म्हणाली असती, चिठ्ठी केवढीशी आणि कविता केवढी." दोघंही हसली. घर जरा हलकं झालं.

काही दिवस गेल्यावर मास्तरांना ती चिठ्ठी पुन्हा एकदा बघावीशी वाटली. मुलीला न सांगता, दुकान लवकर बंद करून, धुतलेला सदरा घालून ते गेले. दालनात गर्दी नव्हती. कुठल्याशा कॉलेजचे प्राध्यापक मुलामुलींचा घोळका घेऊन आले होते. मास्तर एका खांबाशी थांबले. यांचं होऊ दे, मग आपण जाऊ.

घोळका टेपेपाशी पोहोचला. एका मुलाने चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"ऐकलंत?" प्राध्यापक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, शिकवायची हौस होती इतकंच. "कवितेची ताकद म्हणतात ती ही. इतकी वर्षं झाली, कवी गेला, तरी तो भाऊ अजून खुलासे देत बसलाय. मनाला लागल्याशिवाय माणूस असं करतो का?"

पोरं हसली. वाचणारा मुलगा म्हणाला, "सर, शुश्रूषा पत्नीने केली म्हणे! म्हणजे भांडं आपटणारी तीच ना?"

"तीच असणार," कुणीतरी म्हणालं, आणि मागच्या मुलींनी तोंडावर हात ठेवून हसू दाबलं. त्यातली एक मात्र म्हणाली, "मला तर बाई वाईट वाटतं त्यांचं." घोळका पुढच्या फोटोकडे सरकला.

मास्तर खांबाला धरून उभे होते. पुढे होऊन सांगावं, पोरांनो, मीच तो, असं क्षणभर मनात आलं. पण सांगायचं काय? चिठ्ठीत होतं तेच, सांगण्यानुसार. इतकी वर्षं लोकांना कवितेतली ती बाई माहीत नव्हती, नुसतं भांडं माहीत होतं. आता त्यांनीच तिला हाताला धरून आणून काचेपाशी उभी केली होती.

बाई आपल्या खोलीत कसलीशी यादी तपासत होत्या. मास्तरांना पाहून उठल्या.

"ती चिठ्ठी काढा, बाई."

"का? कुणी काही बोललं का?"

"काढा."

"मास्तर, त्यात काही खोटं नाही. मी चौकशी केलीय, शेजारचे लोक सांगतात—"

"मी कुठे म्हणतो खोटं आहे?" मास्तरांचा आवाज चढला, त्यांचा त्यांनाच तो ओळखू आला नाही. मग ते खुर्चीच्या पाठीला धरून हळू म्हणाले, "माझी बायको भल्या घरची होती. मला कुणी काही म्हणालं तर माझी कातडी निबर झालीय. तिच्यावर हसायला मी लोकांना आमंत्रण देऊन बसलोय. काढा ती."

बाई निमूटपणे त्यांच्याबरोबर दालनात आल्या. पेटीशेजारची चिठ्ठी त्यांनी नखाने सोडवली. मागे चिकटपट्टीचा एक तुकडा राहिला, तोही खरवडून काढला. "टेपही परत हवी असेल तर," त्या म्हणाल्या, "मी बघते काय करता येईल. प्रदर्शन पुढे दुसऱ्या गावांना जायचंय, पण..."

"जाऊ द्या तिला. मला ती काय कामाची?"

बाईंनी चिठ्ठी त्यांच्यापुढे धरली, घ्यायची आहे का, अशा अर्थाने. मास्तरांनी नकाराची मान हलवली. बाई ती मुठीत घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "मला माफ करा." मास्तर म्हणाले, "तुमचं काय चुकलं?" आणि त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. कुणाचं चुकलं हे शोधायला गेलं तर बारक्यापाशीच जावं लागत होतं, आणि बारक्यावर रागावण्याची सवय त्यांनी लहानपणापासून लावूनच घेतली नव्हती.

बाहेर पडायचं तर दालनाच्या टोकाच्या दारातून जावं लागे. त्या दाराशी पडद्याने वेगळी केलेली एक जागा होती. भिंतीवर कानाला लावायचं आवाजाचं यंत्र टांगलेलं, खाली बाक. उद्घाटनाच्या दिवशी तिथे रांग होती म्हणून ते तिकडे फिरकले नव्हते. आता कुणी नव्हतं. मास्तर टेकायला म्हणून बाकावर बसले. समोर लिहिलं होतं, 'कवीच्या आवाजात'. त्यांनी ते यंत्र कानाला लावलं आणि खालचं बटण दाबलं.

आधी नुसतीच खरखर. मग कुणीतरी घसा खाकरला. तसा दोनदा, मधे जरा थांबून. वडील दुकान उघडताना असेच खाकरत. मास्तरांनी कान घट्ट दाबून धरला. कागद उलटल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली, आणि बारक्या अगदी जवळून, टेबलावर बसून बोलावं तसा, कुणाला तरी म्हणाला, "करू सुरू?"

"कर," मास्तर म्हणाले.

बारक्याने सुरुवात केली. कविता तीच होती. मास्तर शेवटपर्यंत ऐकत राहिले. टेप आली, भांडं आलं, आई माघारी फिरली. आवाज कुठेही कापला नाही, कुठे अडला नाही, किती सुंदर म्हणत होता तो. मास्तरांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. कविता संपली, खरखर थांबली, तेव्हा त्यांनी बटण पुन्हा दाबलं, कारण सुरुवातीला तो खाकरला होता आणि बोलला होता तेवढं त्यांना परत हवं होतं. बाकीचं त्याच्यामागून येणारच होतं, त्याला इलाज नव्हता.

पहारेकऱ्याने येऊन खांद्याला हात लावला तेव्हा दालनातले दिवे एकेक करून मालवले जात होते. "आजोबा, बंद करायची वेळ झाली," तो म्हणाला. मग त्यांच्या तोंडाकडे बघून जरा थबकला आणि समजुतीने म्हणाला, "फार लोक रडतात इथे बसून. कवितेतला भाऊच तसा आहे ना."

"हो," मास्तर म्हणाले. यंत्र त्यांनी जागेवर नीट टांगलं, वायरीचा पीळ सोडवला, आणि भिंतीचा आधार घेत ते दाराकडे निघाले.